आत शून्य, बाहेर एक लाख

तुळजापुरात इंजिनिअरिंग करणाऱ्या पोराच्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अख्खं व्हर्च्युअल मशीन धापा टाकतं, पण कंटेनर चुटकीसरशी उठतो. त्याच्या आत दुसरा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नसतोच. कर्नल एकच, प्रोग्रॅमला दिसणारं जग तेवढं वेगळं. हे कुणी काढलं विचारा, पोरगा म्हणेल डॉकरनं. डॉकर २०१३ चं. कुळ बरंच जुनं आहे.

मूळपुरुष १९७९ चा, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतला ‘सीएचरूट’. प्रोग्रॅमला एक फोल्डर दाखवायचं आणि सांगायचं, जग इथंच संपतं. फायली झाकल्या जात, बाकी सगळं उघडंच. २००० मध्ये फ्रीबीएसडीनं ‘जेल’ आणून दारं पक्की केली. लिनक्समध्ये मात्र ज्याला जे नडलं, त्यानं ते आधी केलं.

गूगलला नडली वाटणी. एकाच मशीनवर ढीगभर कामं, त्यातलं एखादं हावरं निघालं की बाकीची उपाशी. २००६ मध्ये तिथल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी कामांचे गट पाडून हिशेब ठेवायला घेतला. उन्हाळ्यात टँकर आला की आपल्याकडे घरटी बॅरल ठरतात, तसंच हे. २००८ च्या जानेवारीत हे ‘सीग्रुप’ कर्नलमध्ये दाखल झाले. मेमरीचं माप त्यानंतरच्या आवृत्तीत आलं, आणि त्यात मोठा हात होता आयबीएमच्या भारतातल्या लॅबमधल्या बलबीर सिंग यांचा. त्याच वर्षी सीग्रुप आणि प्रोग्रॅमला दिसणारं जग वेगळं करणारं ‘नेमस्पेस’ हे सुटे भाग जुळवणारं ‘एलएक्ससी’ निघालं. डॉकर सुरुवातीला चालायचं ते त्याच्याच जिवावर.

एक भोक तरीही राहिलं होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं: आतला रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूझर, हाच बाहेरचाही रूट. कुणी कंटेनर फोडून बाहेर पडला की मशीन त्याचंच. फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ कर्नलनं आतल्या यूझरला बाहेर वेगळा क्रमांक देणारं ‘यूझर नेमस्पेस’ पुरं केलं आणि वर्षभरानं एलएक्ससी १.० नं रूटचे अधिकार नसलेले कंटेनर दिले. उबुंटूवर आत ‘आयडी’ विचारा, उत्तर शून्य, म्हणजे राजा. तीच प्रोसेस बाहेरून ‘पीएस’नं बघा, धनी बहुधा १,००,००० क्रमांकाचा, मशीनवर त्याला कवडीचा अधिकार नाही. या कुळातलं सगळ्यात मोलाचं काम माझ्या मते हेच, गाजावाजा मात्र डॉकरच्या निळ्या देवमाशाचा झाला.

डॉकर नेहमीच्या पद्धतीनं बसवलं, तर ही अदलाबदल आजही आपोआप होत नाही. कॉलेजच्या सर्व्हरवर पोरांना कंटेनर चालवू देणार असाल, तर रूटलेस पर्याय आधी चालू करा.