ॲलन पिंकर्टन : खासगी गुप्तहेर व्यवसाय आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना :
गुन्ह्याचा शोध घेणे आणि बळाचा वापर करणे ही आधुनिक राज्यसंस्थेची कार्ये मानली जातात. परंतु एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत राज्याची यंत्रणा अपुरी असल्याने ही कार्ये मोठ्या प्रमाणावर खासगी संस्थांकडे गेली. त्यांपैकी सर्वांत प्रभावी संस्थेचा संस्थापक ॲलन पिंकर्टन याच्या कारकिर्दीचा व तिच्याभोवतीच्या वादांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जडणघडण :
पिंकर्टनचा जन्म 1819 मध्ये ग्लासगो येथे झाला. लाकडी पिंपे बनविणारा हा कारागीर कामगारांच्या राजकीय हक्कांसाठी झगडणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत सहभागी होता. 1842 मध्ये तो अमेरिकेत आला. तेथे त्याने पळून आलेल्या गुलामांना आश्रय दिला. 1850 च्या सुमारास शिकागो येथे त्याने आपली संस्था स्थापन केली. रेल्वे कंपन्या हे तिचे प्रमुख ग्राहक होते. 1856 मध्ये केट वॉर्न या महिलेची गुप्तहेर म्हणून झालेली नेमणूक त्या काळाचा विचार करता उल्लेखनीय ठरते.

यादवी युद्धातील कामगिरी :
फेब्रुवारी 1861 मध्ये बाल्टिमोर येथे लिंकन यांच्या हत्येचा कट असल्याची माहिती पिंकर्टनने दिली व त्यांना रात्रीच्या प्रवासाने गुप्तपणे वॉशिंग्टनला पोहोचविले. या कटाबाबत कोणावरही खटला चालला नाही. त्यामुळे त्याच्या गांभीर्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पुढे जनरल मॅक्लेलनसाठी हेरगिरी करताना त्याने शत्रुसैन्याचे आकडे फुगवून दिले, असा आक्षेप घेतला जातो. 1862 च्या उन्हाळ्यात रिचमंडजवळ 2 लाख शत्रुसैनिक असल्याचे मॅक्लेलन सांगत होता. प्रत्यक्षात ते 1 लाखाहून कमी होते. मात्र पिंकर्टनचे अहवाल येण्यापूर्वीही मॅक्लेलनचे अंदाज अवास्तव होते, हे लक्षात घेतले पाहिजे. ग्राहकाचा पूर्वग्रह खोडून काढण्याऐवजी त्याला पुष्टी देण्याचा दोष येथे दिसतो.

भांडवलदारांची सेवा :
जानेवारी 1875 मध्ये जेसी जेम्सच्या शोधात मिसुरीतील त्याच्या घरावर टाकलेल्या छाप्यात स्फोट होऊन त्याचा लहान सावत्र भाऊ ठार झाला व आईला हात गमवावा लागला. या प्रकरणी कोणालाही शिक्षा झाली नाही.

पेनसिल्व्हेनियातील मॉली मॅग्वायर्स प्रकरण अधिक गंभीर आहे. रेल्वे व कोळसा उद्योगाचा प्रमुख फ्रँकलिन गोवेन याने 1873 मध्ये पिंकर्टनची सेवा घेतली. जेम्स मॅकपार्लंड हा गुप्तहेर आयरिश खाणकामगारांत मिसळला. त्याच्या साक्षीने अनेक खटले उभे राहिले आणि 1877 ते 1879 या काळात 20 जणांना फाशी झाली. तपास खासगी गुप्तहेराचा, अटक करणारे कंपनीचे पोलीस आणि काही खटल्यांत सरकारपक्षाची बाजू मांडणारा स्वतः गोवेन, अशी ही रचना होती. फाशी गेलेल्यांपैकी जॉन किहो याला 1979 मध्ये राज्यपालांनी मरणोत्तर माफी दिली.

साधनांची मर्यादा :
संस्थेची बरीचशी कागदपत्रे 1871 च्या शिकागोतील आगीत जळाली. पिंकर्टनच्या नावाने प्रसिद्ध झालेली पुस्तके संस्थेची कीर्ती वाढविणारी आहेत. म्हणून त्यांचा साधन म्हणून वापर चिकित्सकपणेच करावा लागतो.

समारोप :
पिंकर्टन 1884 मध्ये मरण पावला. 6 जुलै 1892 रोजी होमस्टेड येथील कार्नेगी पोलाद कारखान्यात संप मोडण्यासाठी संस्थेची सुमारे 300 माणसे नदीमार्गे आणली गेली. चकमकीत दोन्ही बाजूंची मिळून किमान 10 माणसे मृत्युमुखी पडली. परिणामी 1893 मध्ये अशा संस्थांची माणसे नेमण्यास संघराज्य शासनाला कायद्याने मनाई करण्यात आली. उद्योगपतींवर मात्र या कायद्याने बंधन आले नाही. तरुणपणी कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाची संस्था कामगारांविरुद्ध शस्त्र ठरली, याचे कारण केवळ व्यक्तीच्या स्खलनात शोधणे पुरेसे नाही. माहिती व बळ विकत घेता येत होते, परंतु त्यांच्या वापराचा जाब विचारणारी व्यवस्था उभी राहिली नव्हती, हे या इतिहासातून स्पष्ट होते.