साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं हृदय

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून तो वाचला; पण दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, 'भाईजान, मटण फार खात होता का?' आयुष्यात विडीला हात न लावलेला, रोज पहाटे शेतावर चालत जाणारा हा माणूस. एका रात्री तो मला हळूच म्हणाला, 'माझं काय चुकलं रे?' मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना मी पोहोचलो थेट इजिप्तच्या ममींपाशी.

मित्रहो, हृदयविकार म्हणजे आजच्या धकाधकीचा आजार, असं आपण सारेच धरून चालतो. कैरोच्या संग्रहालयात मात्र मेर्नेप्ता या राजाच्या ममीपाशी एक पाटी होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या राजाच्या रक्तवाहिन्या रोगाने कठीण झाल्या होत्या, असं तीवर लिहिलेलं. २००८ साली अमेरिकेचे ग्रेगरी थॉमस आणि इजिप्तचे आदिल अल्लाम या हृदयरोगतज्ज्ञांनी ती वाचली. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी तपासून पाहायचं ठरवलं.

पण तपासायचं कसं? १८३०च्या दशकात लंडनमध्ये थॉमस पेटिग्रू हा शल्यविशारद प्रेक्षकांसमोर ममीची वस्त्रं उलगडत असे. त्यातून थोडं ज्ञान मिळे, पण मेलेल्या माणसाचा तमाशाही होई. आमच्याकडे मय्यतीला आंघोळ घालताना जुनी माणसं बजावतात, 'हात हलका ठेवा, जणू त्याला दुखतंय.' मला ते आठवलं.

१८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत ममीचं क्ष-किरण छायाचित्र निघालं. मात्र त्यात साऱ्या सावल्या एकमेकींवर पडतात. १९७०च्या दशकात आलेल्या सीटी स्कॅनने ही अडचण दूर केली. किरण शरीराभोवती फिरतात आणि संगणक आतल्या एकेका थराचं चित्र तयार करतो. भाकरीच्या चवडीतली एकेक भाकरी वेगळी काढून पाहावी तसं. कापडाची एक घडीही मोडावी लागत नाही.

इजिप्शियन लोक ममी करताना फुप्फुसं, यकृत, आतडी काढून घेत. हृदय मात्र बहुधा जागेवर ठेवत. मेल्यावर ते सत्याच्या पिसासमोर तोललं जातं, अशी त्यांची श्रद्धा होती. रोगट रक्तवाहिनीत साचलेला चुना, म्हणजे कॅल्शियम, स्कॅनमध्ये हाडासारखा पांढरा दिसतो. २००९ साली २२ ममी तपासल्या गेल्या. त्यांपैकी १६ जणांचं हृदय किंवा रक्तवाहिन्या ओळखता आल्या आणि ९ जणांत हा चुना दिसला. पुढे अहमोस-मेर्येत-आमोन ही राजकन्या तपासली गेली. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, चाळिशीत गेलेली. तिच्या हृदयाच्या तीनपैकी दोन मुख्य धमन्या रोगट होत्या.

कुणी म्हणेल, राजघराण्यातली माणसं, चरबीदार खात असतील. म्हणून संशोधकांनी इतर समाजही पाहिले. २०१३ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात १३७ ममींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इजिप्त आणि पेरूबरोबर त्यात अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचे प्राचीन शेतकरी होते आणि अलास्काजवळच्या बेटांवरचे, शिकार-मासेमारीवर जगणारे उनांगन लोकही. १३७ पैकी ४७ जणांत, म्हणजे दर तिघांत एकात, हा रोग आढळला. चारही समाजांत आढळला. घरातल्या चुलीचा धूर, वर्षानुवर्षं अंगात मुरलेले जंतुसंसर्ग यांचा त्यात हात असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. माणसाच्या घडणीतच या रोगाचं बीज असावं, असंही त्यांना वाटतं.

याचा अर्थ तळलेलं खुशाल खावं असा नाही. धमनीत चुना दिसला म्हणून ती माणसं झटक्यानेच गेली, असंही म्हणता येत नाही. थॉमस यांचाच सहभाग असलेला २०१७ सालचा एक अभ्यास आहे. बोलिव्हियाच्या जंगलात शेती, शिकार आणि मासेमारी करून राहणाऱ्या त्सिमाने जमातीच्या ७०५ प्रौढांचे स्कॅन त्यात पाहिले गेले. ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत चुना मुळीच नव्हता. ही माणसं दिवसभर अंगमेहनत करतात, साधं खातात, सिगारेट फारशी ओढत नाहीत. तेव्हा आपल्या हातात पुष्कळ आहे, पण सगळं नाही.

हे 'सगळं नाही' मला महत्त्वाचं वाटतं. आजारी माणसाच्या उशाशी बसून आपण किती सहज न्यायाधीश होतो! दुखणं त्याला असतंच, वर गुन्हाही त्याच्याच माथी मारतो. हजारो वर्षं गप्प पडलेल्या या माणसांनी, कुणी अंगावरचं कापड न ओढता, त्याच्या बाजूने साक्ष दिली आहे.

भावाला मी राजकन्येची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'बिचारी. तिलाही लोकांनी विचारलं असेल, काय खात होतीस?' आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच मोकळा हसला. मी पाण्याचा पेला आणि रात्रीची गोळी त्याच्यापुढे धरली.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)