हवा आधी, पेट्रोल नंतर

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की एक प्रश्न ठरलेला असतो : घाटावरचे की घाटाखालचे? मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. मध्ये अजिंठ्याची डोंगररांग. मलकापूरहून मोताळ्यामार्गे जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर राजूर घाट चढावा लागतो, खामगावहून यायचं तर ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथ्याचा घाट. त्यामुळे आमच्याकडे जुनी गाडी घेताना ट्रायल घाटातच मारतात. सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी गुणी बाळासारखी चालते.

मी घेतलेली गाडी २०१२ सालची, पेट्रोलवरची, पुणे पासिंगची. पुण्याच्या गाडीला इकडे मान असतो. ‘सिंगल हँड, कंपनीत सर्व्हिस केलेली’ असं म्हटलं की भाव चार पैसे वर जातो. गाडी खरंच नीटनेटकी होती, आणि घाटातला तिचा दोष विकणाऱ्याने आधीच सांगितला होता, त्याचे पैसेही कमी केले होते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी क्षणभर काहीच करायची नाही. मग एक झटका देऊन पुढे निघायची. गॅरेजच्या भाषेत ‘पिकअप घेत नाही’, ‘दम खाते’, ‘मिसिंग मारते’. समोरून ट्रक येत असताना ओव्हरटेक करणाऱ्याला हा एक सेकंद फार मोठा असतो.

तो सेकंद येतो कुठून, हे शोधायला लागलो आणि कळलं की मोटारीचा जवळजवळ सगळा इतिहास त्यात साठलेला आहे.

मूळ अडचण साधी आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आपण पाय दाबतो तेव्हा थेट पेट्रोल वाढत नाही, हवेची झडप उघडते. हवा हलकी, ती लगेच आत धावते. पेट्रोल जड, त्यातलं काही वाटेतल्या नळीच्या भिंतीला चिकटून राहतं आणि मागून पोचतं. त्या क्षणापुरतं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन दचकतं. मोटार बनवणारे शंभराहून जास्त वर्षं याच दचकण्याच्या मागे लागले आहेत.

कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला. पण ती गाडी लांबच्या रस्त्यावर चालते हे दाखवलं त्याच्या बायकोने. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून, कपड्यांचे डाग काढायला वापरतात ते लिग्रोइन घेतलं. चढावर गाडी दम खायची तेव्हा पोरं उतरून ढकलायची. परत आल्यावर तिने सुचवलं आणि कार्लने चढासाठी आणखी एक गिअर बसवला. जगातली पहिली लांबची ट्रायलसुद्धा चढावरच नापास झाली होती, हे वाचून मला बरं वाटलं.

पुढे १८९० च्या दशकात विल्हेल्म मायबाखने फवाऱ्याचा कार्बोरेटर आणला. आत जाणारी हवाच बारीक तोटीतून पेट्रोल ओढून घेणार, अशी ती युक्ती. पण पाय एकदम दाबला की हवा पुढे आणि पेट्रोल मागे हे होतंच. म्हणून नंतरच्या कार्बोरेटरमध्ये एक चिमुकला पंप आला. पाय दाबला की तो पेट्रोलची एक चिळकांडी थेट आत मारतो, दात घासायला उठलेल्या पोराच्या तोंडावर पाणी मारावं तशी. या पंपाचा पडदा वाळला किंवा तोटीत कचरा अडकला की गाडी दम खाणार, हे ठरलेलं.

आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्या कितीतरी पिढ्या या पंपावर शिकल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. त्याच पुढे पद्मिनी झाल्या. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० दिसायला वेगळी, पण तिच्याही पोटात कार्बोरेटरच होता. परवाना-राज्यात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे जुनी गाडी फेकायची नसते, जगवायची असते, ही आपली रीत झाली. जगवणारा माणूस म्हणजे मिस्त्री. त्याच्याकडे एक स्क्रूड्रायव्हर आणि दोन कान. इंजिन चालू ठेवून तो हवेचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, ऐकायचा, परत पाव फेरा मागे घ्यायचा. सायलेन्सरच्या वासावरून मिश्रण जाड की पातळ ते सांगायचा.

विदर्भाच्या उन्हाने या विद्येत एका धड्याची भर घातली. मे महिन्यात घाटाखाली पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. जुन्या गाड्यांचा पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. घाट चढताना इंजिन तापलं की पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ व्हायची, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. गाडी वळणावर गपगार. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि झाडाखाली बसायचं. जुन्या ड्रायव्हर लोकांच्या सीटखाली पाण्याचा कॅन आणि फडकं असायचंच.

ते फडकं गेलं त्याला कारण दिल्लीची हवा. देशात पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिले निर्बंध १९९१ मध्ये आले. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि शिसं त्याला विषासारखं असल्यामुळे तिथे बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. मग एम. सी. मेहता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये आदेश दिला की राजधानी परिसरात १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ पाळणाऱ्याच खासगी गाड्यांची नोंदणी होईल. युरो-२ कार्बोरेटरला झेपणारं नव्हतं. इंजेक्शन आलं. पंप इंजिनाजवळून उठून पेट्रोलच्या टाकीत जाऊन बसला, आणि सुमारे तीन बार दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही, म्हणून ओल्या फडक्याचं काम संपलं. हवेचा स्क्रूही गेला. पाय किती दाबला हे सेन्सर सांगणार, हवा किती आली हे दुसरा सेन्सर सांगणार, आणि चिळकांडी किती मारायची हे कॉम्प्युटर ठरवणार.

शाळेत कुणी शिकवत नाही, अशी एक गोष्ट इथे आहे. २०१० मध्ये भारत स्टेज-४ लागू झालं ते फक्त तेरा शहरांत. त्यात महाराष्ट्रातली तीन : मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकी देशाला स्टेज-३. पुण्यातल्या पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखात ५० भाग, बुलढाण्यातल्या पेट्रोलमध्ये १५०. सगळीकडे एकच नियम झाला तो १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे माझी गाडी पुण्यात नवी होती तेव्हा तिच्यासाठी ठरवलेलं पेट्रोल आमच्या जिल्ह्याला लागूच नव्हतं. घाटावर-घाटाखाली असा भेद आम्ही आपसात करतो. सरकारने अख्ख्या राज्याचा केला होता. शहर नवी गाडी वापरतं, आठ-दहा वर्षांनी ती जिल्ह्याला येते, आणि ती दुरुस्त करायची विद्या तिच्याही मागून येते. इथेही हवा आधी, पेट्रोल नंतर.

माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. एकही कोड नाही. तरी सल्ला मिळाला, ‘थ्रॉटल बॉडी बदलून टाका.’ किंमत ऐकून मी चहा प्यायला बाहेर आलो, आणि तिथून ज्यांच्याकडे गेलो त्यांना सगळे चाचा म्हणतात. जीप आणि अँबेसेडरवर त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही, आधी चौकशी केली.

‘‘भाऊ, उभ्या गाडीले रेस देली त मिसिंग मारते का?’’

नाही.

‘‘सकाळी थंडीत?’’

नाही.

‘‘मंग घाटातच काऊन मारते?’’

या तीन प्रश्नांत निम्मं निदान झालं होतं. प्लग किंवा कॉईल पार गेली असती तर गाडी उभ्या जागी थरथरली असती. हवा चुकीची मोजली जात असती तर सपाटीवरही काहीतरी जाणवलं असतं. फक्त भार पडल्यावरच दम लागतो याचा अर्थ मागणी वाढली की पुरवठा कमी पडतो.

चाचांच्या पुतण्याकडे काही शे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र आहे. ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचून मोबाईलवर आकडे बघता येतात. त्याने कोड सोडून चालू आकडे बघितले. ‘लाँग टर्म फ्यूल ट्रिम’ अधिक १८ टक्के. म्हणजे सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर सांगत होता की मिश्रण पातळ आहे, आणि कॉम्प्युटर कितीतरी दिवस गुपचूप पेट्रोल वाढवून देत होता. बऱ्याच गाड्यांत ही वाढ पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय चेक इंजिनचा दिवा लागत नाही. तोवर दोष असतो, पण त्याची नोंद नसते. घरात कुणीतरी रोज पदरमोड करून भागवत असतं आणि बाकीच्यांना वाटतं सगळं ठीक आहे, तसं. जुना कार्बोरेटर दोष लपवत नव्हता. कॉम्प्युटर सांभाळून घेतो, आणि म्हणून दुखणं थेट घाटात बाहेर पडतं.

मागचं सीट उचलून पंप बाहेर काढला. त्याच्या तळाची जाळी काळ्या, चिकट गाळाने भरली होती. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. गाडी कायम रिझर्व्हवर चालवली तर तो तापतो आणि तळाचा सगळा कचरा ओढतो. टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर बदलला. दाब तीन बारवर टिकला, झटका गेला, ट्रिम आठवडाभरात तीन-चार टक्क्यांवर उतरली. बर्था बेंझच्या पिनेचंच काम, फक्त सीट उचलून करायचं.

तो गाळ कुठला, हे मात्र सांगता येत नाही. अकरा वर्षांत टाकीत काय काय गेलं असेल. भेसळीचा विषय आपल्याकडे हसण्यावारी नेतात. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीत इंधनाची चोरी-भेसळ दिसली म्हणून थांबलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं होतं. माझी गाडी पुण्याच्या रस्त्यावर आली त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

आता गाळाला नवं निमित्त आहे. जून २०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवर पोचल्याचं जाहीर झालं, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपावर येऊ लागलं, आणि २०३० साठी ठरवलेलं उद्दिष्ट २०२५ वर ओढून आणलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्याच्यात ताकदही कमी, म्हणून कॉम्प्युटरला पुन्हा थोडं पेट्रोल वाढवावं लागतं. ते पाणी शोषतं, जुन्या टाकीच्या भिंतीचा थर सोडवतं, आणि तो थर जाळीवर येऊन बसतो. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या हे धरून बनवल्या आहेत. आमच्या जिल्ह्यात फिरतात त्या बहुतेक त्याआधीच्या. मोताळा-मलकापूरकडच्या मका पिकवणाऱ्याला इथेनॉलमुळे चांगला भाव हवा आहे, आणि त्याच्याच अंगणात २०१० च्या आसपासची पुणे पासिंगची गाडी उभी असते.

चाचांनी दुकानाच्या फळीवर, जिथे पूर्वी कार्बोरेटरच्या जेटचे डबे असायचे तिथे, टाकीतल्या जाळ्यांची पाकिटं आणून ठेवली आहेत. दर पावसाळ्यानंतर ती संपतात, असं ते म्हणतात.