एसी, कोल्ड रूम बसवताय? आधी कोणता परवाना पाहायचा ते समजून घ्या

उन्हाळा तोंडावर आला की तालुक्याच्या गावात फ्रीज-एसीवाल्याला उसंत नसते. पूर्वी एसी बँकेत नाहीतर डॉक्टरच्या केबिनमध्ये दिसायचा. आता तो मेडिकल, मोबाइल शॉपी आणि वस्तीवरच्या घरातही लागलाय. त्याशिवाय दूध संकलन केंद्राचा बल्क कूलर, द्राक्षाचं प्रीकूलिंग, बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज ही कामं वेगळीच. पण हे बसवणाऱ्याकडे सरकारचा परवाना लागतो का, हे फारसं कुणी विचारत नाही.

याचं उत्तर दोन भागांत आहे. थंडाव्याच्या कामाला, म्हणजे पाइप जोडणं, गॅस भरणं, कॉम्प्रेसर बदलणं याला आपल्या राज्यात वेगळा ठेकेदार परवाना नाही. पण त्याच यंत्राच्या विजेच्या कामाला परवाना लागतो, आणि तो कायद्याने बंधनकारक आहे.

विजेच्या कामाचा नियम काय?

विद्युत कायदा 2003 च्या कलम 53 मध्ये सुरक्षिततेची तरतूद आहे. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षा विनियम केले. आधी 2010 चे होते, आता 2023 चे लागू आहेत. त्यानुसार ग्राहकाच्या जागेतलं नवं वायरिंग, वाढीव लाइन किंवा फेरफार हे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं. कामावर प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचं परमिट हवं.

दिवा, पंखा, फ्यूज, खटका किंवा 250 व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण बदलण्याला सूट आहे. अट एकच, जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे जुना एसी काढून त्याच पॉइंटवर तेवढाच नवा लावला तर गोष्ट वेगळी. मीटरपासून नवी लाइन ओढून पहिल्यांदा एसी बसवला, की ते परवानाधारकाचं काम झालं. थ्री फेजवरच्या कोल्ड रूमला तर प्रश्नच नाही.

कोल्ड स्टोअरेजसाठी स्वतःचा 11 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर बसवला असेल, तर वीज चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकाची लेखी मंजुरी घ्यावी लागते.

परवाना देतं कोण?

महाराष्ट्रात ठेकेदाराची अनुज्ञप्ती, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि तारतंत्रीचं परमिट ही तिन्ही कागदपत्रं राज्याच्या ऊर्जा विभागाखालच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. विद्युत निरीक्षकांची यंत्रणाही याच विभागाची. महावितरण वीज पुरवतं, परवाना देत नाही. ‘मी लाइनमनच्या हाताखाली काम केलंय’ हा परवाना होत नाही.

आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड हा परमिटकडे जाणारा नेहमीचा रस्ता. थंडाव्याच्या कामासाठी आयटीआयमध्ये प्रशीतन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा वेगळा ट्रेड आहे. त्याचं प्रमाणपत्र कामाची जाण दाखवतं, पण ते विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती नव्हे.

टेस्ट रिपोर्टचा घोळ

नव्या वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. खेडोपाडी काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. वायरिंग गावातलाच कुणीतरी करतो आणि सही तेवढी परवानाधारकाची आणली जाते. त्याने ना अर्थिंग तपासलेलं असतं, ना इन्सुलेशन. कागद पूर्ण होतो, घर मात्र तपासलं जात नाही.

दीड टनाचा एसी चालताना साधारण दीड किलोवॉट वीज घेतो. तो पंख्याच्या बारीक वायरवर जोडला की वायर तापते आणि फ्यूज सारखा उडायला लागतो. मग जाड तार टाकून फ्यूज ‘पक्का’ केला जातो, आणि आगीची सुरुवात तिथूनच होते. अर्थिंग नसलं तर बाहेरच्या युनिटच्या पत्र्यात करंट उतरतो. उन्हाळ्यात त्याच युनिटखाली एसीच्या पाण्याची ओल असते आणि पोरं तिथंच खेळत असतात.

विजेने जीव गेला तर कलम 161 नुसार विद्युत निरीक्षकाची चौकशी होऊ शकते. काम कुणी केलं, परवाना होता का, हे प्रश्न तेव्हा निघतात. त्या वेळी उत्तर ठेकेदाराइतकंच जागामालकालाही द्यावं लागतं.

गॅसच्या बाजूला परवाना नाही, धोका मात्र आहे

जुन्या एसीत आर-22 गॅस असायचा. ओझोनच्या थराला तो घातक म्हणून टप्प्याटप्प्याने बंद होतोय. आता घरगुती एसीत बहुतेक आर-32 असतो, तो काही प्रमाणात पेट घेऊ शकतो. काही यंत्रांत आर-290 असतो. तो म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅसच्याच घरातला. तो सहज पेटतो. आत गॅस असताना पाइपाला ज्योत लावणं जिवावर बेतू शकतं. मोठ्या कोल्ड स्टोअरेजमध्ये अमोनिया वापरतात, तो गळला तर श्वास कोंडतो.

गळती तपासायला नायट्रोजन वापरायचा असतो. वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही भरू द्यायचा नाही, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढावी लागते. काही जण पंप आणतच नाहीत, थोडा गॅस सोडून हवा ढकलतात. मग एक-दोन हंगामात कॉम्प्रेसर बसतो, आणि आत माल असेल तर तोही जातो.

दुसरीकडे काय आहे?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात एसीच्या ठेकेदाराला सी-20 नावाचा स्वतंत्र राज्य परवाना लागतो. त्यासाठी चार वर्षांचा अनुभव आणि परीक्षा आहे. गॅस हाताळणाऱ्याला तिथल्या केंद्राचं प्रमाणपत्र वेगळं. आपल्याकडे मार्च 2019 च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये 2022-23 पर्यंत 1 लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. पण ते कौशल्याचं प्रमाणपत्र आहे, सक्तीचा परवाना नाही. त्यामुळे तूर्त तपासणीचं काम ग्राहकालाच करावं लागतं.

काम देण्याआधी एवढं पाहा

- विद्युत ठेकेदाराच्या अनुज्ञप्तीचा क्रमांक आणि मुदत. झेरॉक्स घेऊन ठेवा.
- प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं परमिट. सही एकाची आणि काम दुसऱ्याचं असं नको.
- एसीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरं अर्थिंग. न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे.
- थ्री फेज यंत्राला एक फेज गेल्यावर बंद करणारं संरक्षण.
- एसीवाल्याकडे व्हॅक्यूम पंप, गेज आणि नायट्रोजन आहे का. यंत्रावर लिहिलेलाच गॅस भरतोय का.
- पक्कं बिल. त्यावर कामाचा तपशील, गॅसचा प्रकार आणि तारीख. काम बिघडलं तर जिल्हा ग्राहक आयोगात हाच कागद कामाला येतो.

परवान्याबद्दल शंका असेल तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारता येतं. परवाना मागितला म्हणून ओळखीचा माणूस थोडा नाराज होईल. पण ज्याच्याकडे कागद आहे, तो दाखवायला मागेपुढे पाहत नाही.