वाळीत टाकणे : एका वाक्प्रचाराचा विधिमंडळातला प्रवास

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ वर्गात शिकवायला घेतला की आम्ही विद्यार्थ्यांना ‘वाळीत टाकणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ विचारतो. शहरात वाढलेली मुले ‘दुर्लक्ष करणे’, ‘अबोला धरणे’ अशी उत्तरे देतात. काही वर्षांपूर्वी कोकणातून आलेला एक विद्यार्थी मात्र त्या तासाला गप्पच राहिला. तास संपल्यावर थांबून तो म्हणाला, “सर, आजोबा गेले तेव्हा खांदा द्यायला गावातलं कुणी आलं नाही. मामाच्या गावाहून माणसं आणावी लागली.” १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातला शब्द आम्ही समाजशास्त्रीय नोंद म्हणून शिकवत होतो. त्याच्या घरात तो अजून चालू व्यवहारातला शब्द होता.

मराठीत बहिष्काराला शब्दांची वाण नाही. ग्रामण्य, जातीबाहेर टाकणे, रोटीबेटी तोडणे, हुक्कापाणी बंद करणे हे सारे शब्द कोणी ना कोणी सोसलेले आहेत. मात्र भाषेला जे इतक्या बारकाव्यांनिशी ठाऊक होते, ते कायद्याच्या भाषेत यायला शंभरांहून अधिक वर्षे लागली. नागरी स्वातंत्र्याचा विचार आपण बहुधा राज्यघटना आणि न्यायालये यांच्या संदर्भात करतो. या लेखात आम्हांला त्याकडे मुंबई प्रांताच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या बाजूने पाहायचे आहे.

आरंभ पुण्यातल्या एका चहापानापासून करता येईल. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंच हौद मिशनमध्ये झालेल्या समारंभात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा ठेवला गेला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली आणि प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचणाऱ्यांना या प्रसंगाचा घरातला पडसाद परिचित आहे. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच, की हेच रानडे मुंबईच्या कायदे कौन्सिलवर सरकारनियुक्त सभासद म्हणून बसलेले होते. प्रांतासाठी कायदे करण्याच्या कामात ज्यांचा हात होता, त्यांना स्वतःच्या घरावरच्या ग्रामण्याविरुद्ध कायद्याचा आधार नव्हता. १८५० च्या कायद्याने जात गेली म्हणून वारसाहक्क जाणार नाही एवढी हमी दिली होती. पण पंक्तीतले पान, दारी येणारा भिक्षुक, लेकीचे स्थळ या गोष्टी मिळकतीत मोडत नव्हत्या.

बहिष्कार नेमका कशाने घडतो, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर १९३० साली मिळाले. मुंबई कायदे कौन्सिलात झालेल्या ठरावानंतर सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. पी. जी. सोळंकी आणि ठक्करबाप्पा हे तिचे सभासद होते. बहिष्कार हे दडपणुकीचे सर्वांत प्रभावी हत्यार आहे, असे निदान समितीच्या अहवालाने केले. अस्पृश्यांपैकी बहुतेकांचे पोट गावातल्या जमीनदारांवर अवलंबून असते. त्यांनी सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, बरे कपडे घातले, नवरदेवाची वरात घोड्यावरून काढली, की वहिवाटीच्या वाटा बंद होतात आणि दुकानदार मीठमिरची देत नाही. हक्क कागदावर शाबूत राहतो, पण तो वापरणाऱ्याची चूल विझते.

डॉ. आंबेडकरांनी या निष्कर्षाचा पाठपुरावा सोडला नाही. रावबहादूर आर. श्रीनिवासन यांच्यासह गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. व्याख्येसाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. घर वा जमीन न देणे, मजुरीला न लावणे, व्यवहार न करणे, नेहमीचे सामाजिक संबंध तोडणे अशी कृत्ये त्या व्याख्येत एकामागून एक मांडलेली आहेत. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या पुस्तिकेत त्यांनी ही मागणी पुन्हा केली. बहिष्कृताचा धर्म कोणता, बहिष्काराचे कारण काय, यापेक्षा त्याच्याशी लोक काय वागले याकडे पाहणारी ही दृष्टी होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये बहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला, तेव्हा मात्र ही दृष्टी बाजूला पडली. पाऊल धाडसाचे होते, यात शंका नाही. कोणत्याही समाजातून कोणालाही बहिष्कृत करणे त्याने अवैध ठरवले आणि तसे करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. पण त्याची व्याख्या दिवाणी दाव्याने मिळवता येतील अशा हक्कांपुरती होती. मशिदीत वा मंदिरात उपासना, दफनभूमी, समाजाची मालमत्ता हे हक्क तिच्यात बसत. वाण्याने परत पाठवलेली पिशवी आणि लग्नाला न आलेली पंगत यांचा दावा कोणत्या न्यायालयात लावायचा?

दुसरी अडचण उलट दिशेने आली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी या कायद्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द ठरवला. धार्मिक शिस्त राखण्यासाठी केलेली बहिष्कृती हा धर्मसंस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे आणि हा कायदा तिलाही मनाई करतो, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी भिन्नमत नोंदवले. माणसाला समाजात अस्पृश्यासारखे करून ठेवणारी प्रथा मोडणे हाच या कायद्याचा हेतू आहे, असे त्यांना वाटले. आम्हांला सिन्हा यांचे मत जवळचे वाटते. तरीही कायद्याचा मसुदाच दुबळा होता, हे मान्य करणे भाग आहे. तो धर्मपीठाच्या अधिकारापर्यंत जाऊन भिडला आणि गावातल्या दुकानाच्या फळीपर्यंत मात्र पोचलाच नाही.

पुढची पन्नासहून अधिक वर्षे ही पोकळी तशीच राहिली. अस्पृश्यतेच्या कारणाने केलेला बहिष्कार १९५५ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आला, दलित-आदिवासींवरील अत्याचारांविरुद्ध १९८९ चा कायदा आला. पण स्वतःच्याच जातीच्या पंचांनी किंवा गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाने कोणाकडे जावे? पोलीस ठाण्यात ‘हा तुमचा आपसातला मामला’ हे उत्तर ठरलेले असे.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय चळवळीचे. नाशिकमध्ये २०१३ साली आंतरजातीय विवाहाच्या रागातून एका गरोदर तरुणीची हत्या झाली आणि तिच्यामागचा जातपंचायतीचा धाक उघड झाला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली, तरी ती थांबली नाही. अनेक जातींतल्या वाळीत पडलेल्या माणसांनी पुढे येऊन स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगितली. रायगड जिल्ह्यातल्या गावकीच्या बहिष्काराची प्रकरणेही वृत्तपत्रांतून येऊ लागली. १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारे विधेयक एकमताने संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून तो कायदा झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. १९४९ चा जुना कायदाही त्याने औपचारिकपणे रद्द केला.

या कायद्याचे कलम ३ साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे. विवाहात वा अंत्यविधीत अडथळा आणणे, सामाजिक वा व्यापारी संबंध तोडणे, शाळा, दवाखाना, समाजमंदिर, स्मशानभूमी यांचा वापर नाकारणे, गाव सोडायला भाग पाडणे ही कृत्ये त्यात एकेक करून नोंदवली आहेत. बहिष्कृतीच्या धर्मशास्त्रात न शिरता हा कायदा वागणुकीवर बोट ठेवतो. स्टार्ट समितीने जे पाहिले आणि आंबेडकरांनी ज्या पद्धतीने मांडले, त्याची वाट येथे पुन्हा सापडते. १९६२ च्या निकालाचा मूळ प्रश्न अजून सुटलेला नव्हता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मात्र त्या उत्तरासाठी न थांबता, जे आपल्या हातात होते ते केले होते.

मर्यादा अर्थातच आहेत. फिर्यादीला साक्षीदार त्याच गावातून आणावे लागतात. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असल्यास गुन्हा आपसात मिटवता येतो. ही सवलत समेटाची वाट उघडते आणि दबावाचीही. शिवाय कोणाशी मैत्री करायची हे ठरवण्याचे स्वातंत्र्य कायदा हिरावू शकत नाही, हिरावूही नये. पंचांच्या हुकमाने तोडलेले संबंध आणि आपल्या मनाने न जोडलेले संबंध यांतला फरक दर खटल्यात नव्याने सिद्ध करावा लागतो.

त्या विद्यार्थ्याला आम्ही कलम ३ ची छापील प्रत दिली. दोन दिवसांनी तो परत आला. ‘अंत्यविधी’ या शब्दाखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती. “सर, हे आमचंच लिहिलंय,” तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, “पण तक्रार केल्यावर बाबांना राहायचं तिथंच आहे ना?” आम्ही त्याला तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा पत्ता लिहून दिला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही.