चित्र किती स्पष्ट हवे?

यंत्राचा इतिहास सांगताना आपण शोधकाचे नाव घेतो. यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस मात्र विसरतो. १८९५ साली राँटजेनने क्ष-किरण शोधले. त्यानंतर एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली हा काच फुंकणारा कारागीर या किरणांच्या नळ्या आपल्याच हातावर पारखून पाही. हातांना व्रण पडले, हात कापावे लागले, आणि १९०४ साली तो मरण पावला. १९३६ साली हॅम्बुर्ग येथे अशा बळींचे स्मारक उभे राहिले. त्यावर प्रथम १६९ नावे कोरली गेली.

आज पाठीच्या मणक्यात स्क्रू बसवताना शल्यविशारदाला हेच किरण वाट दाखवतात. स्क्रू जरा चुकला तर मज्जातंतूला इजा व्हायची. म्हणून चित्र स्पष्ट हवे. किरणांची मात्रा वाढवली की चित्र स्वच्छ होते खरे. पण रुग्णाला ती अधिक लागते, आणि त्याच्या अंगावरून विखुरलेले किरण भोवतालच्या डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांनाही लागतात. उपाय साधे आहेत : सलग किरणांऐवजी तुटक झोत, लहान चौकट, शिशाचा अंगरखा. अंतर दुप्पट केले की मात्रा सुमारे चौथाईवर येते.

मी डॉक्टर नव्हे. कामगार चळवळीत वाढलेला माणूस. माझा प्रश्न एवढाच : स्क्रूची जागा नीट दिसल्यावर त्याहून देखण्या चित्राची किंमत कोण भरतो? तंत्रज्ञाच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. त्यावरचा आकडा त्याला कळलाच पाहिजे. डॅलीच्या छातीवर तो बिल्ला नव्हता.