पाठ्यपुस्तकातून हरवलेले कारण

अमेरिकेतले यादवी युद्ध कशासाठी झाले, याविषयी ते ओढवून घेणाऱ्यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. डिसेंबर १८६० मध्ये संघराज्यातून फुटताना साउथ कॅरोलायनाने जाहीरनामा काढला. गुलामगिरीला उत्तरेचा होणारा विरोध हीच त्यातली मुख्य तक्रार होती. महिनाभरात मिसिसिपीने आपले सारे हित गुलामगिरीत गुंतल्याचे लिहून दिले. मार्च १८६१ मध्ये बंडखोर राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी सवाना येथे सांगितले, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आपल्या सरकारची कोनशिला आहे. तरीही पुढच्या शतकात दक्षिणेतली मुले शाळेत शिकली ते असे, की हा लढा राज्यांच्या हक्कांसाठी होता. हे अज्ञान आपोआप पसरले नाही. ते वर्गात घडवले गेले, म्हणून ते वर्गातच दूर करावे लागेल.

घडवणाऱ्यांनी आपले काम लपूनछपून केले नाही. बंडखोर सैनिकांच्या वंशातील स्त्रियांनी १८९४ मध्ये ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ही संघटना काढली. तिच्या इतिहासप्रमुख राहिलेल्या मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी पहिल्या महायुद्धानंतर पाठ्यपुस्तके पारखण्यासाठी एक पुस्तिकाच लिहिली: दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असे म्हणणारे किंवा गुलामांच्या मालकांना क्रूर ठरवणारे पुस्तक नाकारा, असा तिचा आग्रह होता. १९३५ मध्ये इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’च्या अखेरच्या प्रकरणात शालेय पुस्तकांतली ही दिशाभूल उघडी पाडली. पण त्यानंतरही, १९५७ मध्ये, व्हर्जिनिया राज्याने स्वतः तयार करवून घेतलेल्या पाठ्यपुस्तकांत गुलाम सुखी असल्याचे चित्र होते, आणि ती पुस्तके १९७०च्या दशकापर्यंत चालली. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. सातासमुद्रापलीकडे जो अर्थ उमगला, तो व्हर्जिनियातल्या मुलांपासून मात्र दडवला गेला.

यावर काहीजण म्हणतात, की राज्यांच्या हक्कांचा प्रश्न खोटा नव्हता. पण साउथ कॅरोलायनाचा जाहीरनामाच त्यांना उत्तर देतो. पळालेले गुलाम मालकांना परत करण्याचा केंद्रीय कायदा उत्तरेकडची राज्ये पाळत नाहीत, हे त्याचे गाऱ्हाणे होते. म्हणजे उत्तरेने आपला हक्क बजावला, तेव्हा तो दक्षिणेला खपला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अध्यक्ष लिंकन यांनी आरंभी संघराज्य टिकवण्यासाठी शस्त्र उचलले, गुलाम मुक्त करण्यासाठी नव्हे. हे खरे आहे आणि मुलांना सांगायलाच हवे. मग हेतू बदलला कसा, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. मे १८६१ मध्ये तीन गुलाम पळून व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यात आले आणि सेनापती बटलर यांनी त्यांना मालकाच्या हवाली करण्यास नकार दिला. त्यांच्यामागून हजारो आले. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या घोषणेनंतर काळ्या माणसांची मोठ्या प्रमाणावर भरती झाली, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० जण संघराज्याच्या सैन्यात लढले. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा ते श्रेय एकट्या अध्यक्षाचे नव्हते.

इतके क्रौर्य कोवळ्या वयात कशाला, आणि गोऱ्या मुलांच्या मनावर अपराधाचे ओझे कशाला, असेही विचारले जाते. वयानुसार तपशील कमी-जास्त करावेत. कारण मात्र बदलू नये. १८६० च्या सुमारास जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलाम होती, त्यांत मुलेही होती. जे त्या मुलांना सोसावे लागले, ते आजच्या मुलांना निदान ऐकवता येईल. पणजोबांच्या कृत्याचा दोष मुलांवर येत नाही, ते कृत्य ओळखण्याची जबाबदारी मात्र येते. म्हणून शिक्षकाने निष्कर्ष घोकून घेण्याऐवजी मूळ जाहीरनामेच वर्गात वाचायला द्यावेत. ते लिहिणारे स्वतःच्या हेतूबद्दल स्पष्ट बोलले होते. ते बोलणे स्वतः वाचलेल्या मुलाला पुढे कुणी सहजासहजी फसवू शकणार नाही.